शीलिंगचे अवशेष नोंदवताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पेरण्या उरकल्या की गुरं वरच्या कुरणांवर न्यायची रीत होती. बरोबर मुख्यतः बायका आणि पोरं जायची. उन्हाळाभर दगड-मातीच्या खोपटांत राहून लोणी आणि चीज करायची, आणि कापणीच्या सुमारास खाली यायची. या वस्तीला शीलिंग म्हणतात, तिथल्या गेलिक भाषेत 'आरी'. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डोंगरांवर मोठ्या प्रमाणात मेंढ्या आल्या आणि बहुतेक शीलिंगं ओस पडली. लुईस बेटावर मात्र ही रीत विसाव्या शतकापर्यंत चालली.

हे अवशेष शोधून नोंदवणारे हौशी लोक पहिली चूक रजा टाकतानाच करतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा छान असते, पण तोवर ब्रॅकन नावाचा नेचा कमरेच्या वर गेलेला असतो आणि त्याच्याखाली अख्खी वस्ती असली तरी दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जा. तेव्हा जुना नेचा वाळून आडवा झालेला असतो आणि नवा उगवायचा असतो. शिवाय ऊन तिरपं हवं. वीतभर उंचीची ढासळलेली भिंत भर दुपारी जमिनीत विरून जाते, सकाळ-संध्याकाळी तिचीच सावली पडते. मी एकदा दुपारी एका उंचवट्यावर निवांत बसून डबा खाल्ला होता. पाचच्या उन्हात बघतो तर तो उंचवटा म्हणजे खोपटाची भिंत होती, आणि माझी पिशवी बरोबर दारात पडलेली.

'काहीच सापडत नाही' अशी अडचण असेल तर भिंती शोधू नका, रंग शोधा. हीदर नावाच्या तपकिरी झुडपांच्या पसाऱ्यात, ओढ्याजवळ, एखादा हिरवागार तुकडा दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेण पडलेलं असतं, म्हणून गवत चांगलं येतं, आणि चरणारी जनावरं ते आखूड ठेवतात. झऱ्याची जागाही अशीच हिरवी दिसते, पण तिथे पाय ठेवला की बुटाखाली पाणी चुबकतं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचे एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, ते जाण्याआधी चाळा. पण नकाशात खोपटं नाहीत म्हणून जागा सोडू नका. ते नकाशे झाले तेव्हा कितीतरी शीलिंगं आधीच मोडून गेली होती. खोपटं नसली तरी टेकडीच्या किंवा ओढ्याच्या नावात 'आरी' उरलेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आराखड्यात डोळ्यांना दिसतं ते न काढता मनातलं काढणं. ही खोपटं साधारण ३ ते ६ मीटर लांबीची, कोपरे गोलसर. कागदावर मात्र त्यांचे काटकोनी आयत होतात! दुसरं असं की एक उंचवटा म्हणजे एक खोपट, हा हिशेब बऱ्याचदा फसतो. मातीची भिंत खचली की तिच्यावरच पुढचं खोपट उभं राहायचं, तेही खचायचं, असा ढीग वाढत गेला. म्हणून कोणती भिंत कोणावर चढली आहे ते आधी बघा. माप आतलं की बाहेरचं, तेही लिहा. नाहीतर घरी आल्यावर त्या आकड्याचा उपयोग शून्य. भिंतीला लागून छोटा कप्पा दिसला की लगेच 'दूध ठेवायची खोली' लिहिणं म्हणजे आधी कळस मग पाया. 'जोडकप्पा, १.२ × ०.८ मी.' एवढंच लिहा, अर्थ वेगळ्या रकान्यात. आत खोलगटपणा नसलेला, दार नसलेला लांबट ओटा असेल तर ती पीट (जळणासाठी कापलेली दलदलीतली माती) रचायची जागाही असू शकते. आणि चांगली उंच, चुना-मातीशिवाय रचलेली दगडी भिंत दिसली तर हुरळून जाऊ नका. शीलिंगचेच दगड उचलून नंतर बांधलेला तो मेंढवाडा असण्याची शक्यता जास्त.

हातातल्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक सहज पडतो, आणि खोपटाची रुंदीच दोन-तीन मीटर. दोन शेजारी खोपटं मग नकाशात एकमेकांच्या डोक्यावर बसतात. जीपीएस पूर्ण वस्तीच्या जागेपुरता वापरा. आतली मापं एक दोरी ताणून तिच्यापासून टेपने घ्या. होकायंत्र बघताना लोखंडी खांब लांब ठेवा.

फोटोत मोजपट्टी आणि खोपटाचा क्रमांक लिहिलेली पाटी हवीच. माझ्याकडे एका दिवसाचे चाळीस फोटो आहेत, सगळे हिरव्यावर हिरवे उंचवटे, आणि कुठला कोणता ते मलाही सांगता येत नाही.

खणू नका, दगड उचलून बघू नका. संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. उघड्यावर काही जुनी वस्तू सापडली तर कळवावी लागते, कारण स्कॉटलंडमध्ये अशा वस्तूंवर हक्क राजसत्तेचा. २००३ च्या कायद्याने डोंगरात फिरायची मोकळीक आहे, तरी जमीनमालकाला कळवून जा. वसंतात मेंढ्या वितात, शरदात हरणांची शिकार चालते.

घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याखाली गोचीड लागलीय का ते बघा. नेच्यात तासभर बसून नकाशा काढणाऱ्याला ती सहसा सोडत नाही.