टूडू.टीएक्सटी मध्ये अडकलेली कामं अशी शोधा

टूडू.टीएक्सटी म्हणजे एका ओळीत एक काम अशी साधी टेक्स्ट फाईल, तीत कामं लिहिणाऱ्यांसाठी एक टीप. प्रोजेक्ट अडकतो म्हणजे काय, तर तो डोक्यात असतो पण फाईलमध्ये त्याची पुढची कृतीच नसते, आणि जी ओळ नाहीच ती दिसणार कशी? माझं सांगलीतल्या घराच्या गळणाऱ्या पत्र्यांचं काम असंच राहिलं, "मिस्त्रीला फोन" वर फुली मारली आणि पुढचं काही लिहिलंच नाही, थेट पहिल्या पावसात आठवलं.

म्हणून चालू प्रोजेक्टची वेगळी फाईल ठेवा, एका ओळीत एक नाव, +पत्रे, +हळद-विक्री असं, आणि मुख्य फाईलमध्ये प्रत्येक कामाच्या ओळीत त्याच्या प्रोजेक्टचं हेच नाव लिहा. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, मुख्य फाईलमधून एक्सने सुरू होणाऱ्या म्हणजे झालेल्या ओळी वगळायच्या, ग्रेप या शोधायच्या कमांडला मायनस ओ (-o) लावून फक्त प्लसवाली नावं काढायची आणि सॉर्ट मायनस यू (sort -u) करायचं, म्हणजे नावं क्रमाने लागतात आणि प्रत्येक एकदाच येतं. प्रोजेक्टची यादीपण सॉर्ट करून घ्या, नाहीतर पुढचं गंडतं. आता कॉम मायनस तेवीस (comm -23), ही कमांड दोन याद्या ताडून फक्त पहिलीतच असलेल्या ओळी दाखवते, तिला आधी प्रोजेक्टची यादी द्या मग ग्रेपने काढलेली. जी नावं उरतील ती अडकलेली.

एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा, +विहीर आणि +विहिर ही कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं आहेत, ऱ्हस्व दीर्घ चुकलं की चालू काम पण अडकलेलं दिसतं, त्यामुळे नाव टाईप न करता कॉपीच करा. आणि ज्या ओळींना @वाट, म्हणजे दुसऱ्या कुणाची वाट बघतोय अशी खूण, लावलंय त्यासुद्धा वगळून एकदा चालवून बघा, दुसऱ्याच्या भरवशावर पडून असलेली कामं पण वर येतात. मी हे दर रविवारी सकाळी चहा घेताना करतो, पाच मिनिटं पण लागत नाहीत.