संशोधक विद्यार्थ्यांनो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात या चुका टाळा

पीएच.डी.चे नवे प्रवेश झाले की आमच्या संदर्भ विभागात तेच प्रश्न आणि त्यांच्यामागोमाग त्याच चुका येऊ लागतात. विद्यार्थी हुशार असतात, विषयाची ओढही असते. पण ग्रंथालय कसे वापरायचे हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते आणि सुरुवातीची चूक पुढे दोन-दोन वर्षे निस्तरत बसावे लागते. मराठी साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांत काम करणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहीत आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होताना पाहिले आहे.

एकदाच शोधून ‘नाही’ असे ठरवणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, एक शब्द टाइप करायचा, एकही नोंद दिसली नाही की ग्रंथालयात काहीच नाही असे समजून निघून जायचे, ही सवय इतकी रुजली आहे की विभागातले प्राध्यापकही कधीकधी तिला बळी पडतात. मराठी ग्रंथांच्या संगणकीय नोंदी एकाच पद्धतीने झालेल्या नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवे. काही नोंदी देवनागरीत आहेत, तर जुन्या नोंदींपैकी पुष्कळ रोमन लिपीत आहेत, कारण त्या भरल्या गेल्या तेव्हा संगणकावर देवनागरीची सोय बेताचीच होती. रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वरी’ हे एकच नाव कोणी डी-एन-वाय, कोणी जे-एन, तर कोणी जी-वाय अशा अक्षरांनी सुरू केलेले असते. देवनागरीतही अडचण आहेच. 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या शीर्षकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात आणि नोंद करणाऱ्याने ते तसेच उतरवून घेतलेले असतात.

कीर्तन परंपरेवर काम करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या संशोधन आराखड्यात ‘या विषयावर विद्यापीठात आजवर एकही प्रबंध झालेला नाही’ असे ठामपणे लिहिले होते. संशोधन व मान्यता समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी, असा एक प्रबंध आपण स्वतः वाचला असल्याचे सांगितले आणि आराखडा परत आला. ती रडवेली होऊन आमच्याकडे आली. आम्ही दोघांनी बसून शोध घेतला, तेव्हा प्रबंध याच ग्रंथालयात असल्याचे आढळले. तिने देवनागरीत ‘कीर्तन’ शोधले होते; नोंद मात्र रोमन लिपीत होती आणि त्यात ‘की’साठी आय न वापरता दोनदा ई टाइप केलेला होता. नोंद करणाऱ्याचीही यात चूक होती, हे मान्य करायलाच हवे; पण बैठकीत उत्तर द्यावे लागले ते तिला. पुढे तिने कालखंड मर्यादित करून आराखडा नव्याने लिहिला आणि तो आधीपेक्षा चांगला झाला, पण मधले सहा महिने वाया गेले ते गेलेच.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे: प्रथम देवनागरीत शोधायचे, मग रोमन लिपीतली सुचतील तेवढी रूपे पाहायची, मग विषयाऐवजी लेखकाच्या नावाने शोधायचे. लेखकाचे टोपणनाव आणि खरे नाव ही दोन्ही पाहायची. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर या नावांखाली वेगवेगळ्या नोंदी सापडू शकतात. एक उपयोगी पुस्तक मिळाले की त्याचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला क्रमांक, टिपून थेट मांडणीपाशी जायचे आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तके हातात घेऊन चाळायची. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य 891.46 खाली येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण कीर्तनासारखा विषय तेवढ्यावर संपत नाही. त्याची पुस्तके 294.5 खाली हिंदू धर्मात, 780च्या गटात संगीतात आणि 954 खाली इतिहासातही विखुरलेली असतात. 1950 पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीचे दोन्ही भाग, 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950, पाहिल्याशिवाय ‘यावर काही लिहिले गेलेले नाही’ असे विधान कोणी करू नये. यासाठी दोन दिवस बसावे लागते. ते द्यायची ज्याची तयारी नाही, त्याने आढाव्याचे प्रकरण लिहायला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजची विद्यापीठे पूर्वीही अशीच होती असे समजणे

खानदेशातील लोकगीतांवरचे जुने प्रबंध जळगावला मिळाले नाहीत, म्हणून ते अस्तित्वातच नाहीत असे समजणारे विद्यार्थी भेटतात. जळगावचे विद्यापीठ 1990 साली झाले. त्याआधी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे त्या काळातले प्रबंध पुण्यात शोधावे लागतात. सोलापूरचे विद्यापीठ 2004चे आहे, तेव्हा त्याआधीच्या कामासाठी कोल्हापूरला जायला हवे. अमरावतीचे विद्यापीठ 1983चे आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ 2011चे. या दोन्ही भागांतले जुने काम नागपूरला आहे. नांदेडचे विद्यापीठ 1994 साली झाले, म्हणून त्याआधीचे काम औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पाहावे. गोव्यातली महाविद्यालये 1985 पर्यंत मुंबई विद्यापीठाकडे होती. पुणे विद्यापीठ स्वतः 1949 साली झाले, म्हणून त्याआधीच्या पदव्यांचा शोधही मुंबईतच संपतो.

नावेही बदलली आहेत. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव 2014 साली मिळाले, त्यामुळे जुनी नोंद नव्या नावाने शोधून सापडेलच असे नाही. विद्याशाखांचेही तसेच आहे. 2016च्या सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने विद्याशाखा चारच ठेवल्या. शिक्षणशास्त्र पूर्वी स्वतंत्र विद्याशाखा म्हणून नांदत असे, ते आता आंतरविद्याशाखीय अभ्यासात येते. म्हणून जुन्या याद्या पाहताना त्या वेळची रचना लक्षात घ्यावी लागते. आपल्या विषयाचा प्रदेश कोणत्या वर्षी कोणत्या विद्यापीठाखाली होता, याचा एक पानी तक्ता पहिल्याच आठवड्यात करून वहीला चिकटवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

शोधगंगेवर नाही म्हणजे प्रबंध नाही

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचे ऑनलाइन भांडार आहे. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा नियम 2009चा आहे आणि विद्यापीठे त्यात हळूहळू सामील झाली. जुने प्रबंध काही प्रमाणात नंतर चढवले गेले, सगळे नव्हे. शिवाय अनेक मराठी प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण आतली अक्षरे युनिकोडमधली नसल्याने मजकुरातला शब्द शोधला तर सापडत नाही. अशा प्रबंधाची अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावी लागते.

शीर्षकपृष्ठाशिवाय काढलेले फोटो

फोनमध्ये शेकडो पाने असतात आणि संदर्भसूची लिहायला बसल्यावर पान कुठल्या पुस्तकातले, हे कोणालाच सांगता येत नाही. पुस्तकाच्या बाबतीत निदान शोध घेता येतो. नियतकालिकांच्या बांधीव खंडांत मात्र खरी पंचाईत होते. बांधणी करताना अंकांची मुखपृष्ठे आणि जाहिराती पुष्कळदा काढून टाकलेल्या असतात आणि प्रत्येक अंकाचे पृष्ठांक पुन्हा एकपासून सुरू होतात. मग ‘पृष्ठ 23’ हे वर्षातल्या कोणत्या महिन्याचे, हे नुसत्या फोटोवरून कळण्याचा मार्गच उरत नाही. पहिला फोटो शीर्षकपृष्ठाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा, कारण आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचे साल बहुधा तिथे असते, आणि मगच मजकुराचा, हा क्रम मोडू नये. बांधीव खंड असेल तर लेख ज्या अंकात आहे त्याच्या अनुक्रमणिकेचाही फोटो घ्यावा. दाखल क्रमांक (त्या प्रतीचा ग्रंथालयातला नोंदणी क्रमांक) आणि बोधांक (मांडणीतली जागा सांगणारा क्रमांक) वहीत हाताने लिहावेत. पुनर्मुद्रणात पृष्ठांक बदलतात, म्हणून दुसऱ्या प्रतीतून तपासताना नेमकी तीच प्रत हाती यावी लागते.

आणखी काही

पैसे भरून लेख विकत घेण्याआधी ग्रंथालयात विचारावे. 1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. मराठी नियतकालिकांसाठी मात्र बहुधा छापील खंडांकडेच जावे लागते.

ग्रंथालयाच्या ऑनलाइन साहित्यात घरून लॉगिन होण्यासाठी लागणारी नोंदणी पहिल्याच महिन्यात करून घ्यावी, प्रबंध सादर करायच्या आठवड्यात नव्हे.

साधर्म्य तपासणीत, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहताना, 10 टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून शब्द फिरवून देणारी दुकाने गाठणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे. उद्धरणे अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह दिली, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार ती मोजणीतून वगळली जातात.

एआयकडून तयार करून घेतलेली संदर्भसूची घेऊन मांडणीत पुस्तके शोधत फिरू नये. त्यातली काही पुस्तके कधी छापलीच गेलेली नसतात आणि ती शोधण्यात तुमचा व कर्मचाऱ्यांचा दिवस जातो. आधी प्रत्येक शीर्षक तालिकेत तपासावे.

मुख्य ग्रंथालयात पुस्तक नसेल तर विभागीय ग्रंथालयात पाहावे. तिथेही नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवण्याचा, अर्ज भरावा. हा अर्ज फार थोडे विद्यार्थी भरतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आणि वाचून झालेले पुस्तक स्वतः मांडणीत ठेवू नये, टेबलावरच राहू द्यावे. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक पुढच्या ग्रंथमोजणीपर्यंत कोणालाच मिळत नाही.