बॉनेटवर स्कूप बसवायचा की बॉनेटच बदलायचं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या डेंटिंगच्या शेडमध्ये अर्धा तास बसलात, तर हा प्रश्न कानावर पडतोच. कुणीतरी स्विफ्ट घेऊन येतो, मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, "मिस्त्री, असला स्कूप बसवूया की." स्कूप म्हणजे बॉनेटवरचं हवा आत घेणारं फुगीर तोंड. मिस्त्री फोटोकडे बघतही नाही, आधी बॉनेटवरून हात फिरवतो. त्याचीच पद्धत बरोबर आहे. स्कूप की नवं बॉनेट, हे तुमच्या गाडीचा पत्रा आणि आतली जागा बघून ठरतं.

आधी कारण ठरवा

काही गाड्यांचा स्कूप खरोखर कामाचा असतो. पहिल्या पिढीच्या तीन लिटर डिझेल फॉर्च्युनरचा इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी गरम हवा थंड करणारा भाग) इंजिनच्या डोक्यावर आडवा बसलेला आहे, स्कूपातून शिरलेला वारा थेट त्याच्यावर जातो. तुमच्या गाडीचा इंटरकूलर बंपरमागे असेल किंवा मुळात नसेलच, तर वर भोक पाडून त्याला काही मिळणार नाही.

"वाऱ्याच्या जोरानं पॉवर वाढते" हेही फार मनावर घेऊ नका. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. थंड हवेचा फायदा मात्र खरा आहे. हवा ३ अंशांनी थंड झाली की साधारण १ टक्का दाट होते. पण बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या नळीचं तोंड कुठं जातंय ते बघा. बहुतेक गाड्यांत ते जाळीमागे किंवा हेडलाइटशेजारी असतं, म्हणजे थंड हवा आधीच मिळते आहे.

इंजिन तापतंय म्हणून स्कूप हवा असेल, तर आधी कूलंट, पंखा आणि रेडिएटर बघा. गळिताच्या हंगामात निपाणी-चिकोडी भागात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज गाडी चालवणाऱ्यांच्या रेडिएटरच्या पात्यांत पाचट आणि धूळ घट्ट बसते. साध्या पाण्यानं, कमी दाबानं ते धुऊन काढलं तरी पुष्कळदा काम भागतं.

मग पत्रा तपासा

फ्रिजवरचं चपटं चुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि बॉनेटभर फिरवा. जिथं ते सुटतं, तिथं आत लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, जाड भरलेली आहे. जुनी गाडी घेतलेल्यांनी हे कराच. दोन-चार ठिकाणी चुंबक सुटलं, तर त्या बॉनेटवर स्कूपचा खर्च करू नका. कापताना किंवा रिव्हेट मारताना लांबीला तडे जातात आणि रंग सोलतो. (पूर्ण ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर चुंबक कुठंच चिकटणार नाही, घाबरू नका.)

नंतर बॉनेट उघडून खालची बाजू बघा. वरचा पत्रा कडेनं आतल्या सांगाड्यावर दुमडलेला असतो. गंजाची सुरुवात त्या दुमडीत होते. तिथं पापुद्रे निघत असतील तर प्रश्न मिटला, बॉनेट बदला.

जागा मोजा

हे काम स्वयंपाकघरातून होतं. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड इंजिनच्या उंच भागांवर ठेवा, बॉनेट हळूच लावा, परत उघडा. गोळा जेवढा जाड उरला तेवढी तिथं मोकळी जागा. दोन बोटांपेक्षा कमी असेल, तर आत उतरणारा डबा किंवा पन्हळ बसवण्याचा विचार सोडा.

स्कूपच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून तोही बॉनेटला आतून लावा. कापायची रेघ सांगाड्याच्या पट्टीवरून, बिजागरीजवळून किंवा लॉकजवळून जात असेल, तर कापू नका.

आणखी एक. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात कमी. त्यामुळे गरम हवा बाहेर काढायची जाळी पुढे-मध्ये लागते. काचेजवळ पाडलेलं भोक उलट हवा आत घेतं.

पाणी कुठं जाणार?

इथं मी स्वतः फसलोय. मेव्हण्याच्या जुन्या पेट्रोल गाडीला आम्ही दोघांनी हौसेनं बॉनेट कापून उघडा स्कूप बसवला. उन्हाळाभर झकास. जुलैत जांबोटीवरून कणकुंबीला निघालो, आणि चोर्ला घाटाच्या वाटेवरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. कणकुंबीच्या अलीकडे तो म्हणाला, "दाजी, गाडी हिसके माराय लागलीय." बॉनेट उघडलं तर स्कूपातली धार बरोबर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपीवर. टॉवेलनं पुसून, भोकावर प्लास्टिकची पिशवी चिकटवून परत आलो.

म्हणून खानापूर तालुक्यात किंवा घाटाकडे नेहमी जाणं-येणं असेल, तर उघड्या स्कूपखाली पाणी झेलणारा ट्रे आणि खाली सोडणारी नळी हवीच. कॉइल, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी यांच्यावर भोक नकोच.

निवड

पत्रा चांगला आणि हवं ते फक्त रूप, तर न कापता वरून चिकटवायचा बंद स्कूप घ्या. पत्रा खराब, तर बॉनेट बदला. स्कूप हवाच असेल तर ज्यात तो मूळचाच घडवलेला आहे असं बॉनेट शोधा. चांगलं बॉनेट कापण्याच्या बाजूला मी आता फारसा नाही.

चिकटवताना जागा स्पिरिटनं पुसा, मास्किंग टेपनं मध्यरेषा आखा, चांगली दुहेरी टेप वापरा आणि निदान एक दिवस गाडी धुऊ नका. भोकं पाडलीच, तर उघड्या कडेला लगेच प्रायमर लावा.

बॉनेट बदलायला दोन माणसं लागतात. काचेवर गोधडी टाका, बिजागरीच्या बोल्टभोवती मार्करनं खुणा करा, काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची नळी सोडवा, मग बोल्ट काढा. नवं बॉनेट त्याच खुणांवर टेकवून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या करा आणि मगच आवळा. भंगारातलं घेत असाल तर तिथंही चुंबक न्या. फायबरचं हलकं असतं, पण उन्हात तडकतं, आणि लॉकच्या जोडीला बाहेरून पिना लावाव्या लागतात.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा. नंबर बेळगावचा केए-२२ असो वा कोल्हापूरचा एमएच-०९, कायदा एकच. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातात बॉनेट गेलं असेल, तर झीज वजा करताना साध्या पॉलिसीत धातूच्या भागाला गाडीच्या वयानुसार टक्का लागतो, फायबरला सरसकट ३० टक्के. हा फरक बॉनेट निवडतानाच लक्षात घ्या.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ताशी चाळीसच्या आत मारा. दोन-तीन किलोमीटरवर थांबा, आतला खटका ओढा आणि बॉनेट बोटाएवढं उचलून दुसऱ्या आकड्यावर अडतंय का ते हातानं बघा. अडलं नाही, तर बॉनेट पुन्हा घट्ट लावा आणि हळूहळू शेडकडे परत फिरा.