माथेरानच्या लाल वाटेवर घोडा चालवताना

माथेरानला गाड्या दस्तुरीला थांबतात. तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी चालणारी कुटुंबं, डोक्यावर बॅगा घेतलेले हमाल, ई-रिक्षा आणि घोडे, सगळे त्याच लाल मातीच्या वाटेवर असतात. बाजूने अमन लॉज स्टेशनची शटल, म्हणजे छोटी रेल्वे, जाते. मी नेरळची. इथल्या घोडेवाल्या मामांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांनी पहिल्यापासून बजावलेली गोष्ट मी आजही पाळते: लोकांच्या वाटेवर घोडा चालीनेच न्यायचा. दुडकीसुद्धा नाही. रपेट करायची हौस असेल तर ती रायडिंग क्लबच्या मैदानावर भागवा.

घोडा निवडताना रंग बघू नका. खोगिराखाली पाठीला जखम आहे का, तो एखादा पाय उचलून धरतोय का, बरगड्या दिसताहेत का, ते बघा. जरा शंका आली तर त्या घोड्यावर बसू नका, आणि का बसत नाही ते मामांना स्पष्ट सांगा. दरही बसण्याआधीच ठरवून घ्या. हेल्मेट मागा. पायात टाच असलेले बंद बूट हवेत. चप्पल, सँडल नको, कारण पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या लोंबत्या कडीत, आरपार गेला आणि तुम्ही पडलात तर घोडा फरपटत नेईल. ओढणी कमरेला घट्ट बांधा. पावसाळ्यात रेनकोट घोड्यावर चढण्याआधीच घालून घ्या. खोगिरावर बसून प्लास्टिक सळसळवलं की शांत घोडाही बुजतो.

रिकिबीची लांबी जमिनीवरच मोजा. बोटांची टोकं रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला लावा, हात सरळ ठेवा. रिकीब काखेपर्यंत यायला हवी. मग डावीकडून चढा. पावलाचा पुढचा भाग तेवढाच रिकिबीत, टाचा खाली. पाच-दहा मिनिटं चालल्यावर मामांना तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा बघायला सांगा. घोडा सुरुवातीला पोट फुगवून उभा राहतो, त्यामुळे आवळलेला तंग नंतर सैल पडतो.

आता मुख्य गोष्ट, माणसांजवळून जाणं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त शेपटीच्या मागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. छत्री घेतलेला किंवा पाठीवर मोठी सॅक असलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. म्हणून लांबूनच हाक द्या: "काका, मागून घोडा येतोय, उजवीकडून काढते हं!" काका वळून काही बोलले की अर्धं काम झालं. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याचे ताठ झालेले कान सैल पडतात, मान खाली येते. बोलले नाहीत तर मीच विचारते, "कुठून आलात?" त्या छत्रीतून उत्तर येईपर्यंत घोडा पुढे काढत नाही. आणि छत्री उघडू किंवा मिटू नका, एवढी विनंती आधीच करते.

लहान मूल दिसलं तर थांबाच. आईने मुलाचा हात धरला की मग निघा. वाट अरुंद असेल तर रुंद जागा बघून उभे राहा आणि समोरच्यांना आधी जाऊ द्या. पायी माणसाला दरीच्या कडेला सरकायला लावणं मला अजिबात मान्य नाही. पुढच्या घोड्यापासून निदान एक घोडाभर अंतर ठेवा, नाहीतर लाथ बसेल. माकडं पिशवीवर झेपावतात, म्हणून खाऊ हातात नको.

चढावर थोडं पुढे झुका, उतारावर पाठ सरळ ठेवून वजन रिकिबीत द्या. पेव्हर ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते, ओले असले तर फारच. कडेला माती असेल तर घोडा मातीवरून न्या. ओला तीव्र उतार आला की मी सरळ खाली उतरते आणि लगाम धरून चालते.

घोडा बुजला तर किंचाळू नका. खोल बसा, टाचा खाली दाबा, लगाम ओढा आणि सोडा, पुन्हा ओढा आणि सोडा. एकसारखा ताणून धरला तर तो आणखी बिथरतो.

पॉइंटला पोचल्यावर घोडा गर्दीपासून दूर, झाडीकडे शेपटी करून उभा करा, म्हणजे फोटो काढणारं कुणी त्याच्या मागच्या पायांशी जाणार नाही. दोन्ही पाय रिकिबीतून काढूनच उतरा, तंग एक भोक सैल करा, आणि तो सावलीत येईल असं बघा.