आमदाराची निवडणूक-कुंडली कशी मांडावी

“आमचे आमदार चार वेळा निवडून आलेत,” असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, उभे किती वेळा राहिले? बहुतेकांना ते सांगता येत नाही. विजयांची यादी फ्लेक्सवर असते, वाढदिवसाच्या पुरवणीत असते. पराभव, पोटनिवडणुका, बदललेले पक्ष आणि नकाशावरून गेलेले मतदारसंघ मात्र शोधावे लागतात. माणूस राजकारणात कसा आला, कुठे अडखळला, कशाच्या जोरावर परत उभा राहिला, हे त्या शोधात कळतं. लागणारी जवळपास सगळी कागदपत्रं सार्वजनिक आहेत. दोन-तीन रविवार दिलेत तर आपल्या आमदाराची पूर्ण कुंडली कुणालाही मांडता येईल.

आधी रकाने आखा, मग माहिती भरा

वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने असे ठेवा: वर्ष, मतदारसंघ आणि त्याचा क्रमांक, सार्वत्रिक की पोटनिवडणूक, नोंदीतला पक्ष, मिळालेली मतं, वैध मतांतला टक्का, कितव्या क्रमांकावर, जवळचा प्रतिस्पर्धी, मतांचा फरक आणि शेवटी पुरावा. शेवटचा रकाना टाळू नका. आकडा कोणत्या अहवालाच्या कोणत्या पानावरून घेतला हे तिथल्या तिथे लिहिलं नाही, तर महिन्याभराने तुमचा तुम्हालाही तो सापडणार नाही.

आता वर्षं लिहून टाका. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या विधानसभा निवडणुका अशा: १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४. तुमचे आमदार ज्या वर्षी पहिल्यांदा रिंगणात उतरले, तिथून पुढची एकही ओळ गाळू नका. त्या वर्षी ते उभेच नसतील तर “उमेदवारी नाही” असं लिहा आणि का नाही, ते शोधायला खूण करून ठेवा. तिकीट कापलं गेलं, मतदारसंघ राखीव झाला, की ते लोकसभेला किंवा विधान परिषदेत गेले? उत्तर बहुधा यांतलंच एखादं निघतं.

आकडे आयोगाच्या अहवालातूनच घ्या

प्रत्येक निवडणुकीनंतर भारत निवडणूक आयोग सांख्यिकी अहवाल काढतो. जुने अहवालही आयोगाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. त्यात मतदारसंघनिहाय प्रत्येक उमेदवाराचं नाव, पक्ष आणि मतं असतात. बातम्यांमधले, विश्वकोशी पानांवरचे आकडे वाटाड्यासारखे वापरा, पण तक्त्यात अहवालातलाच आकडा लिहा. निकालाच्या दिवशी छापलेला आकडा आणि अंतिम आकडा यांत कधीकधी फरक असतो.

नावाने शोधताना जपा. हे अहवाल इंग्रजीत आहेत आणि नाव बहुधा आडनावापासून सुरू होतं. “गणपतराव” एका वर्षी एका स्पेलिंगने, पुढच्या वर्षी दुसऱ्याच. लोक ज्यांना आबा, बापू, दादा, भाऊ म्हणतात ते कागदावर वेगळ्याच नावाने असतात. मी सुरुवातीला एका माजी आमदारांची एक अख्खी निवडणूक अशीच गाळली होती; शोधयंत्राला नाव सापडलं नाही, म्हणून ते उभे नव्हते असं धरून चाललो. तेव्हापासून मी नाव शोधतच नाही. मतदारसंघाचं पान उघडतो आणि सगळे उमेदवार एकेक करून वाचतो.

असं वाचलं की नामसाधर्म्याचे उमेदवारही दिसतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. फक्त पहिल्या दोघांची नावं लिहिणाऱ्याला त्या निकालाची गोष्ट कधीच कळणार नाही. विधानसभेलाही हे घडतं, म्हणून यादी तळापर्यंत वाचा.

पोटनिवडणूक म्हणजे हमखास निसटणारी ओळ

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. आता हे अकरा स्वतः मोजून बघा. शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून ते १९६२ आणि १९६७ ला जिंकले. १९७२ ला हरले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे चार विजय. १९९५ ला पुन्हा पराभव. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजलेत तर दहाच भरतात. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे. सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल कितीही चाळलेत तरी तो दिसणार नाही, कारण पोटनिवडणुकांचे निकाल आयोग वेगळे ठेवतो.

म्हणून तक्ता भरून झाला की दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मधल्या प्रत्येक काळासाठी तपासा: या मतदारसंघात जागा रिकामी झाली होती का? कुणाचं निधन, कुणाचा राजीनामा, कुणाची अपात्रता? पक्षांतराच्या गोष्टीही इथेच सापडतात. नारायण राणे २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर जिंकले. पुढे २०१४ ला ते कुडाळमध्ये हरले आणि २०१५ ला वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीतही हरले. फक्त कुडाळ-मालवणच्या नोंदी बघणाऱ्याला वांद्र्याची ओळ मिळणार नाही. मतदारसंघ धरून शोधणं आणि माणूस धरून शोधणं, दोन्ही करावं लागतं ते यासाठी.

पराभवांकडे नीट बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गणपतराव १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी हरले, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून. पुढची निवडणूक ते जिंकले आणि सलग चार वेळा जिंकत गेले. २०१९ ला वयामुळे ते थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले; शहाजीबापू तेव्हा शिवसेनेत होते. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवलं, फरक पंचवीस हजारांहून मोठा. पण त्या वेळी शिवसेनेच्या ठाकरे गटाचे दीपक साळुंखेही रिंगणात होते. लढत तिरंगी झाली की नुसत्या फरकावरून कुणाची ताकद किती हे सांगता येत नाही. वैध मतांतल्या टक्क्याचा रकाना त्यासाठीच ठेवायला सांगितला. फरक वाढला आणि टक्का घटला, असंही होतं.

नाव तेच, मतदारसंघ तोच नव्हे

२००८ च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्यानंतर, २००९ पासून महाराष्ट्राचा विधानसभेचा नकाशा बदलला. एकूण जागा २८८ च राहिल्या, पण मुंबई शहराच्या १७ वरून १० झाल्या आणि उपनगराच्या १७ वरून २६. माझगाव, खेतवाडी, उमरखाडी, परळ, दादर ही मतदारसंघांची नावं गेली. रत्नागिरीतलं संगमेश्वरही गेलं. जिथे नाव टिकलं तिथेही गावं आणि सर्कल इकडची तिकडे झाली. त्यामुळे “२००४ ला इतकी मतं, २००९ ला इतकी, म्हणजे लोकप्रियता वाढली” असं विधान करण्याआधी दोन्ही वेळचा मतदारसंघ कोणत्या गावांचा होता ते पुनर्रचनेच्या आदेशात बघा. मी तक्त्यात २००४ आणि २००९ च्या मध्ये जाड रेघ ओढतो. १९७२ आणि १९७८ च्या मध्येही एक ओढा. तेव्हाही पुनर्रचना झाली होती आणि जागा २७० वरून २८८ झाल्या होत्या.

पक्षाचा रकाना

नोंदीत आहे तेच नाव लिहा, आणि शेजारी त्याचा खुलासा. १९७८ आणि १९८० च्या निकालांत काँग्रेस एकच नाही. इंदिरा काँग्रेस वेगळी, दुसरी काँग्रेस वेगळी. शिवसेनेला राज्य पक्षाची मान्यता १९८९ मध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधीचे तिचे काही उमेदवार जुन्या निकालांत अपक्ष म्हणून दिसू शकतात. अलीकडची गुंतागुंत ताजी आहे: निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी हे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला. म्हणजे २०१९ ची “शिवसेना” आणि २०२४ ची “शिवसेना” हे शब्द तेच असले तरी आमदार कोणत्या बाजूला गेला ते वेगळं लिहावं लागेल, तारखेसकट. इथे आपली मतं घालू नका. कुणाला गद्दार म्हणायचं आणि कुणाला निष्ठावंत, ते वाचणारा ठरवील.

शपथपत्र सावकाश वाचा

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते सुरू झालं, म्हणून आपल्याकडे विधानसभेसाठी २००४ च्या आधीचं असं शपथपत्र शोधत बसू नका. अलीकडची आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवर मिळतात, आणि मायनेता या संकेतस्थळावर त्यांचा गोषवारा असतो. गोषवाऱ्यावर थांबू नका, मूळ कागद उघडा.

मालमत्तेची बेरीज पाच वर्षांत दुप्पट झाली, ही बातमी सोपी असते आणि पुष्कळदा अर्धी असते. शेतजमिनीचा तक्ता काढा. गट नंबर, क्षेत्र, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे किंमत असे तपशील तिथे असतात. आधीच्या शपथपत्रातले गट नंबर शेजारी ठेवून एकेक जुळवा. जमीन तीच असेल आणि फक्त बाजारभाव चढला असेल तर ती एक गोष्ट. पाच नवे गट आले असतील तर ती दुसरी. पत्नी किंवा पती, एकत्र कुटुंब आणि अवलंबितांचे रकानेही जुळवा, कारण मालमत्ता एका रकान्यातून दुसऱ्यात सरकते. देणी विसरू नका.

गुन्ह्यांच्या भागात प्रलंबित खटले आणि शिक्षा झालेले खटले वेगळे असतात. प्रलंबित खटला म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला नाही. कलमं वाचा: रास्ता रोकोतला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच आकड्यात मोजणं अन्याय आहे. आणि लिहिताना “शपथपत्रात नमूद केल्यानुसार” हे शब्द सोडू नका.

बूथवर उतरा

ज्यांना खरंच मतदारसंघ समजून घ्यायचा आहे त्यांनी नमुना २० मिळवावा. हे मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांची मिळतात. नाही मिळालं तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पानं बहुधा स्कॅन केलेली, तिरकी आणि फिकट असतात. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, पुढे एकेका उमेदवाराची मतं, मग नोटा, मग बेरीज. टपाली मतं अगदी शेवटी. गावाचं नाव बहुतेक नसतंच, म्हणून त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी शेजारी हवी. मागच्या निवडणुकीची यादी चालणार नाही. केंद्रं वाढतात आणि क्रमांक सरकतात.

एका विधानसभा मतदारसंघात तीनशे-साडेतीनशे केंद्रं धरली, तर सांगोल्याचा २०१९ चा ७६८ मतांचा फरक म्हणजे केंद्रामागे दोन-तीन मतं. नमुना २० वर रंगीत पेन्सिल घेऊन बसलात की आमदाराचं स्वतःचं गाव, प्रतिस्पर्ध्याचं गाव, तालुक्याचं शहर आणि कालव्याखालची गावं यांचे कल वेगळे दिसायला लागतात. या कामाला वेळ लागतो, पण गावाचं राजकारण माझ्या हाताला लागलं ते इथेच.

आमदारकीच्या आधी आणि आत

महाराष्ट्रात कारकीर्द विधानसभेपासून क्वचितच सुरू होते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, बाजार समिती, साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, यांतल्या एक-दोन पायऱ्या बहुतेकांनी चढलेल्या असतात. विधानमंडळ सदस्यांचा संक्षिप्त परिचय प्रसिद्ध करतं, त्यात ही पदं मिळतात. पण तो परिचय सदस्याच्या बाजूने लिहिलेला असतो, पडलेल्या निवडणुका त्यात नसतात. त्यासाठी जिल्हा ग्रंथालयात जाऊन निकालाच्या दुसऱ्या दिवशीचे स्थानिक दैनिकांचे जुने अंक काढा. तिथल्या ग्रंथपालांना विचारा, त्यांना पुष्कळ ठाऊक असतं.

सभागृहातल्या कामासाठी विधानमंडळाची प्रकाशित कार्यवाही वाचा. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या), अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली) वेगवेगळी मोजा. एकाच तारांकित प्रश्नावर बऱ्याचदा अनेक आमदारांची नावं असतात, त्यामुळे नुसती संख्या फसवी. त्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल त्यांनी काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते दोन-तीन ठिकाणी पूर्ण वाचा.

तक्ता तयार झाला की कुठेही देण्याआधी दोन माणसांना दाखवा: एक त्या आमदाराचा जुना कार्यकर्ता, दुसरा त्यांच्या विरोधात काम केलेला. दोघेही चुका काढतील. प्रत्येक दुरुस्तीसाठी कागद मागा. कागद मिळाला तर ओळ बदला, आणि नाही मिळाला तर त्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवा.