लिस्बन दोघांनी: चढ वाहनाने, उतार पायी

लिस्बनमधलं अंतर मीटरमध्ये मोजून उपयोग नाही. रोसियु चौकातून साओ जोर्ज किल्ला अगदी डोक्यावर दिसतो, पण मध्ये खडी चढण, पायऱ्या आणि पावलांनी झिजून गुळगुळीत झालेली चुनखडीची फरसबंदी आहे. नकाशा बघून चालत सुटलेलं जोडपं अकरा वाजताच दमतं आणि पाच भाषांत मेन्यू लावलेल्या पहिल्याच हॉटेलात जेवायला बसतं. यावर उपाय सोपा आहे. दिवसाला एकच टेकडी घ्यायची, वर वाहनाने जायचं आणि रमतगमत पायी खाली यायचं. चार पूर्ण दिवस असतील तर हे शहर असं निवांत होतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. जुलै-ऑगस्टमधली दुपार या चढांवर नकोशी होते.

राहायला बाइशा किंवा शियादु घ्या. १७५५ च्या भूकंपानंतर बाइशा नव्याने, सरळ रेषांत वसवली गेली, आणि शहराच्या मध्यातला हा भाग सपाट आहे. अल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतली घरं फोटोत फार सुंदर दिसतात. पण तिथल्या बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरतच नाही आणि दोन मोठ्या बॅगा पायऱ्यांवरून तुम्हालाच ओढाव्या लागतात. कुठेही बुकिंग करताना मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, हे आधी विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं अगदी सामान्य आहे. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी रोज ४ युरो पर्यटन कर लागतो, तोही सात रात्रींपर्यंत, हे हिशेबात धरा.

विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन घ्या आणि अलामेदाला हिरव्या लाइनवर बदला. बाइशा-शियादु स्टेशनला दोन टोकं आहेत: एक खाली बाइशात, दुसरं वर शियादुत. हॉटेल बाइशात असेल तर बॅगा घेऊन चुकूनही शियादुच्या दारातून बाहेर पडू नका. उलट, फिरताना हेच स्टेशन तुमच्या कामाचं आहे. खालच्या क्रुसिफिशु रस्त्यावरून आत शिरायचं आणि सरकत्या जिन्यांनी थेट शियादुच्या चौकात निघायचं. प्लॅटफॉर्मवर जायचं नसल्यामुळे तिकीट लागत नाही.

तिकिटासाठी 'नावेगांत' कार्ड घ्या. नुसतं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. त्यावर 'झॅपिंग' म्हणजे सुटी रक्कम भरली की मेट्रो, बस, ट्राम आणि नदीपलीकडची फेरी असं सगळं चालतं. दोघांत एकच कार्ड वापरता येत नाही, दोन घ्या. २४ तासांचा पास पहिल्यांदा टेकवल्या क्षणापासून मोजला जातो, म्हणून तो सकाळी सुरू करा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहिली फेरीही त्यात बसते. ट्राममध्ये चढून चालकाकडून घेतलेलं तिकीट बरंच महाग पडतं.

पहिला दिवस हलका ठेवा. नदीकाठचा कोमेर्सियु चौक, तिथून बाइशाचे रस्ते, मग सरकत्या जिन्याने शियादु आणि कार्मु. कार्मुच्या चर्चचं छप्पर भूकंपात कोसळलं, ते पुन्हा बांधलं नाही. उघड्या कमानींखाली उभं राहिलं की त्या भूकंपाचा जोर कळतो. सांता जुश्ता लिफ्टची लांबलचक रांग लावायची गरज नाही, कारण कार्मुला आलात म्हणजे तुम्ही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहात. शहराच्या उतारावरच्या जुन्या केबल रेल्वेंवर मात्र आखणी बेतू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावर मोठा अपघात झाला आणि त्यानंतर त्या बंद ठेवण्यात आल्या. सुरू असेल तर बसा, नसेल तर वेळापत्रक बिघडू नये.

ग्रासा ते अल्फामा

हा दिवस मंगळवारी किंवा शनिवारी ठेवा. मार्तिं मोनिझ चौकातून बसने वर ग्रासाला जा. तिथून थोडं चढून सेन्योरा दु मोंत हा सज्जा, म्हणजे शहर न्याहाळायची उघडी जागा, गाठा. सगळ्या सज्ज्यांत आमचं झुकतं माप यालाच, कारण इथून किल्ला, नदी आणि पूल एका नजरेत येतात, तेही फुकट. इथून पुढे सगळा उतार आहे: ग्रासाचा सज्जा, साओ व्हिसेंत चर्च, त्याच्या मागच्या मैदानात मंगळवार-शनिवारी भरणारा 'लाद्रा' हा जुन्या वस्तूंचा बाजार, मग पोर्ताश दु सोल आणि शेवटी अल्फामाच्या गल्ल्या. खाली सांता आपोलोनिया मेट्रो आहे, म्हणजे परत चढायचं नाही. मध्ये दोनदा बसून कॉफी घेतलीत तरी चार-पाच तासांत होतं.

किल्ला आत जाऊन बघायचाच असेल तर वेगळ्या दिवशी बाइशातून जा. फांकेइरुश रस्त्यावरची सार्वजनिक लिफ्ट मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून पुढे सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट आणखी वर नेते. दोन्ही फुकट. त्यानंतर साधारण दहा मिनिटांची चाल उरते.

२८ नंबरची ट्राम हौसेने घ्यायची तर सकाळी नऊच्या आत, आणि काम्पु दि ओरिक या टोकाकडून. मार्तिं मोनिझच्या टोकाला रांगेत तास जातो, वर उभ्याने जावं लागतं. खिसेकापूंची ही आवडती ट्राम आहे: पाकीट पुढच्या खिशात, पाठीवरची बॅग पोटावर.

उतरतानाही जपायला हवं. गुडघ्यांवर ताण चढण्यापेक्षा उतरताना जास्त येतो, म्हणून जिथे कठडा आहे तो रस्ता निवडा. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. चामड्याचा गुळगुळीत तळवा इथे घसरतोच, कारण ही फरसबंदी ओली झाली की साबणासारखी होते. पाऊस असेल तर टेकडीचा दिवस सरळ बदला आणि नदीकाठच्या सपाट बेलें भागात जा.

बेलेंसाठी १५ नंबरची ट्राम किंवा काइश दु सोद्रेहून लोकल. सोमवार नको, जेरोनिमुश मठ त्या दिवशी बंद असतो. मठाच्या चौकाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. चर्च मात्र विनामूल्य आहे आणि १५२४ मध्ये कोचीत वारलेल्या वास्को द गामाची समाधी दारातून शिरताच लागते. 'पाश्तेइश दि बेलें' हे १८३७ पासूनचं दुकान जवळच आहे. बाहेरची रांग पार्सलची असते. तुम्ही आत जा, मागे भरपूर खोल्या आहेत. माणशी दोन गरम पाश्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेले पापुद्र्याचे छोटे टार्ट, मागवा, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरा. पार्सल नेलंत तर तासाभरात पापुद्रा मऊ पडतो. त्यात अंड्याचा बलक असतो, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जेवणाचं गणित

दुपारी साडेबारा ते तीन, रात्री साडेसातनंतर. अधल्यामधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. मुख्य जेवण दुपारी घ्या, कारण 'प्रातु दु दिया' म्हणजे त्या दिवसाचं ताट स्वस्त आणि ताजं असतं. साध्या खानावळीत 'दोझ' म्हणजे पूर्ण वाढप, बहुधा दोघांना पुरतं. 'मेया दोझ' हे अर्धं, एकाला पुरे. दोघांनी दोन दोझ मागवणं ही सर्रास होणारी चूक. बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं, पण न शिवता 'नाव, ओब्रिगादु' म्हटलं (बाईंनी 'ओब्रिगादा') की उचलून नेतात.

मासे खाणाऱ्यांनी बाकाल्याव आ ब्राश (खारवलेला कॉड, बारीक तळलेले बटाटे, अंडं), उन्हाळ्यात निखाऱ्यावरच्या सार्डिन आणि दोघांत मिळून मागवायचा आरोझ द मारिश्कु, हा कालवं-कोळंबीचा रसदार भात घ्यावा. शाकाहाऱ्यांचा खरा घोळ सुपात होतो. काल्दु व्हेर्द दिसायला हिरव्या भाजीचं, पण वर शौरिसुच्या म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या चकत्या. नुसत्या काढून ठेवून चालत नाही, आधीच विचारा. 'सें कार्न, सें पेइश' म्हणजे मांस नको, मासा नको. पेइशिन्युश दा ओर्ता ही फरसबीची भजी मिळाली तर सोडू नका, मात्र पिठात अंडं असतं. सेरा दा एश्त्रेला चीज काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात, त्यामुळे प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) टाळणाऱ्यांनाही चालतं. कॅफेच्या काचेत दिसणारा 'शामुसा' म्हणजे आपला समोसाच, पण सारण बहुधा मांसाचं. शाकुती, कोळंबीचं कालवण आणि बेबिंका मिळणाऱ्या गोवन खानावळीही या शहरात आहेत. छोट्या असतात, टेबल आधी सांगून ठेवा.

फादु, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायला जाताना 'कोन्सुमु मिनिमु', म्हणजे किमान किती युरोंचं खाणंपिणं सक्तीचं आहे, ते दारातच विचारा. गाणं चालू असताना बोलायचं नाही, मागवायचंही नाही.

काही छोट्या खानावळींत परदेशी कार्ड चालत नाही, म्हणून रोख ठेवा. पैसे काढताना बँकेचं 'मुल्तिबांकु' यंत्र वापरा. पडद्यावर रुपयांत हिशेब करू का असं विचारलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या. यंत्राचा दर नेहमी महाग असतो.

शेवटच्या संध्याकाळी काइश दु सोद्रेहून कासिल्याशची फेरी घ्या. दहा मिनिटांत पलीकडे; तिथल्या कांदिदु दुश रेइश या पादचारी रस्त्यावर माशांच्या खानावळी आहेत. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा, येता-जाता बोटीवरून सगळ्या टेकड्या दिसतात. परतीचं विमान पहाटेचं असेल तर रात्रीच टॅक्सी ठरवा, मेट्रो साडेसहाला सुरू होते.