ताडोबाच्या गेटवर हंगामी काम करताना या चुका टाळा

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० जूनला थांबते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा गेटांवर प्रवेशपत्रे तपासण्याच्या आणि शुल्क घेण्याच्या कामावर जे नव्याने रुजू होतात, त्यांच्या हातून पहिल्या महिन्यात होणाऱ्या चुकांचे खापर बहुधा पहाटेच्या गर्दीवर फोडले जाते. माझ्या मते गर्दीचा दोष त्यात थोडा असतो. आदल्या संध्याकाळी उरकायला हवे असलेले काम जिप्सी सुटण्याच्या वेळेपर्यंत लांबवलेले असते, हे खरे कारण आहे.

प्रवेशपत्राला नुसती पैसे भरल्याची पावती समजणे, ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे पर्यटनासाठी मिळणारा प्रवेश हा शुल्क आणि अटी यांसह दिलेला परवाना असतो, आणि म्हणून आजारी पडलेल्या काकांच्या जागी ऐनवेळी आलेल्या पुतण्याला ‘पैसे तर भरलेच आहेत’ एवढ्या आधारावर परस्पर आत सोडण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला नसतो. असा प्रसंग आला की तोंडी निर्णय न देता ते प्रकरण गेटवरील वनपालांकडे किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे न्यावे आणि त्यांनी जे सांगितले ते नोंदवहीत लिहून ठेवावे. ओळखपत्राच्या बाबतीत आणखी एक गोंधळ हमखास होतो: गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास बंदी असल्यामुळे पर्यटक फोन आधीच जमा करतात किंवा हॉटेलवर ठेवून येतात, आणि नोंदणीचा कागद किंवा आधार कार्ड त्याच फोनमध्ये राहून जाते. यासाठी तपासणी आधी आणि फोन जमा करणे नंतर, हा क्रम मोडू नये. उद्याच्या फेरीची यादी आज संध्याकाळीच छापून घेऊन, ज्या नावांपुढे ओळखपत्राचा क्रमांक अर्धवट किंवा चुकीचा दिसतो त्यांवर खूण केली, तर पहाटे वाद घालायला फारसे काही शिल्लक राहत नाही.

पैशांच्या व्यवहारात सध्या सर्वाधिक तक्रारी यूपीआयच्या आहेत. जंगलाच्या कडेला नेटवर्क कधी असते, कधी नसते. अशा वेळी पर्यटकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाहून पावती फाडणे ही चूकच आहे, कारण पैसे आपल्या खात्यात जमा झाल्याचे केवळ आपल्या यंत्रावरच कळते. पर्यटकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि इकडे जमा दिसत नसेल, तर व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक वहीत लिहून घ्यावा. विक्रेत्याला केलेला असा अडकलेला व्यवहार ५ दिवसांच्या आत आपोआप परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घातले आहे आणि उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाईही ठरवून दिली आहे, हे शांतपणे सांगितले की बहुतेक माणसे रोख पैसे काढतात. स्वतःच्या खिशातून किंवा स्वतःच्या खात्यावर रक्कम घेऊन वेळ निभावून नेणे मात्र कधीही करू नये; हेतू कितीही चांगला असला, तरी लेखापरीक्षणात तो दिसत नाही.

रोकडीची गोष्ट जुनीच आहे. सुट्या पैशांची रक्कम आदल्या दिवशी मोजून वेगळी ठेवलेली नसली, की ‘वरचे दहा रुपये नंतर देतो’ असे होते आणि संध्याकाळी हिशोब जुळत नाही. रद्द झालेली पावती फाडून टाकू नये. तिच्या सर्व प्रती ‘रद्द’ असे लिहून पुस्तकातच ठेवाव्यात, म्हणजे क्रमांकाची साखळी तुटत नाही. संध्याकाळच्या मोजणीत पैसे कमी भरले तर सगळेच सांगतात, पण जास्त भरलेली रक्कम गुपचूप बाजूला ठेवून उद्याची तूट भरून काढण्याची सवय अधिक घातक असते.

काही कर्मचाऱ्यांना ऑनलाइन यादी आणि प्रत्यक्ष आत गेलेल्या गाड्या यांचा रोजचा मेळ घालणे हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटतो. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन नोंदणीचे काम पाहणाऱ्या कंत्राटदाराने सुमारे १२ कोटी रुपये व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे भरले नाहीत, अशी तक्रार पोलिसांत दाखल झाली होती. तो प्रश्न गेटवर सुटणारा नव्हता. तरीही गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या आणि आत-बाहेर पडण्याची वेळ यांची गेटवरची नोंद हा हिशोबाचा स्वतंत्र पुरावा असतो, आणि परतीची वेळ न लिहिलेली गाडी संध्याकाळी जंगलात शोधावी लागते, ते वेगळेच.

बोलण्यातली एक चूकही टाळावी. ‘काल याच पाणवठ्यावर वाघीण होती’ असे उत्साहाने सांगितले, की पर्यटक तिथेच नेण्याचा आग्रह गाईडकडे धरतात आणि गाड्या एका जागी दाटतात. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिची पाच पिल्ले जिप्सींच्या मध्ये अडकली होती, आणि त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. वाघाबद्दल विचारल्यास आत किती अंतर राखायचे आणि गाडीतून का उतरायचे नाही, एवढेच सांगावे.

मंगळवारी गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते, हे ठाऊक नसलेले कुटुंब दर हंगामात गेटवर येऊन उभे राहतेच. त्यांना नुसते ‘बंद आहे’ म्हणून परत पाठवू नये. बुधवारच्या फेरीत जागा आहेत का, ते तिथल्या तिथे पाहून सांगावे.